बोटभर जास्त

सायकलची सीट नीट करून घ्यायला म्हणून कुणी दुकानात येत नाही. वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजाराच्या, रस्त्यावर चौतीस वर्षं सायकली दुरुस्त केल्यावर मी एवढं नक्की सांगू शकतो. लोक पंक्चर काढायला येतात, ब्रेकचे रबर बदलायला येतात, चेन उतरते म्हणून येतात. घंटी वाजत नाही म्हणूनही येतात. वाजली तरी आमच्या गावात कुणी बाजूला होत नाही, हे माहीत असून येतात. सीट मात्र दुकानदाराने पहिल्या दिवशी जिथं आवळून दिली तिथंच राहते. माणसाचं पोट वाढतं, केस जातात, गुडघे जातात. सीट हलत नाही.

त्यामुळे कुणी पंक्चरला आलं की मी चाकाआधी त्याचे पाय बघायचो. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता विचारायचो, "गुडघा दुखतो का हो?" निम्मे लोक दचकायचे. याला कुणी सांगितलं, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. सांगावं लागत नाही. सीट फार खाली असली की पायडल मारताना गुडघा पोटाकडे येतो आणि पाय कधी पुरता सरळ होत नाही. दिवसातून हजारदा अर्धवट उकिडवं बसून उठलं तर कुणाचाही गुडघा तक्रार करणारच.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकल भिंतीला टेकवायची आणि माणसाला सीटवर बसवायचं. एक पायडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायला लावायची. टाच टेकून पाय सरळ झाला की उंची बराबर. मग चालवताना चवडा पायडलवर येतो तेव्हा गुडघ्यात थोडा बाक उरतो, तेवढा पाहिजेच. टाच पोचवायला माणूस कंबर एका बाजूला कलती करत असेल तर सीट जास्त वर गेली. सीट सपाट हवी. मी तिच्यावर लाकडी पट्टी ठेवून बघतो. पुढचं टोक वर असलं तर नको तिथं मुंग्या येतात, खाली असलं तर माणूस पुढं घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. शेवटी नट आवळायचे आणि सीट दोन्ही हातांनी धरून जोरात पिळून बघायची. हलली तर पुन्हा आवळायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सीटच्या खाली असतं. सीट ज्या पाइपवर बसते तो पाइप फ्रेमच्या आत पुरेसा राहिला पाहिजे. काही पाइपांवर कंपनीने रेघ पाडलेली असते. ती बाहेर दिसायच्या आधी थांबायचं. रेघ नसली तर काय, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. ते फार बोलत नसत. पाइपाला बोटं लावून दाखवत आणि म्हणत, "चार उंगली अंदर. तीन नहीं, चार."

सीट नीट केली म्हणजे गिऱ्हाईक खूश होतं, असंही नाही. एक निवृत्त कारकून होते. त्यांच्या सीटचं टोक आभाळाकडे होतं आणि ते अकरा वर्षं तसेच फिरत होते. मी न विचारता सपाट करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन उभे. म्हणाले, "पहिल्यासारखी करा. सायकलवर बसल्यासारखं वाटंना मला." मी टोक पुन्हा वर केलं. जाताना समाधानाने थोडे कण्हले.

मारोतराव मात्र तसे नव्हते. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच हा कागद हातात घेतला.

मारोतराव हट्ट्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातले. घरी बकऱ्या, थोडी मेंढरं, दीड एकर रान, आणि स्वतः मोंढ्यात हळदीची पोती वाहणारे हमाल. रोज सात किलोमीटर सायकलने यायचं, दिवसभर पाठीवर पोती, मग सात किलोमीटर परत. उंची एवढी की माझ्या दुकानाच्या पत्र्याला डोकं लागायचं. म्हणून ते वाकूनच बोलायचे, आणि ती सवय इतकी मुरली होती की मोकळ्या रस्त्यावरही वाकूनच बोलायचे. सायकल त्यांना मामाकडून मिळाली होती. मामा बुटका असावा, हे सीट बघून कळत होतं.

पहिल्यांदा आले ते पंक्चरला. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"दुखून राहिले ना," ते म्हणाले. "दोन्ही गुडघे. पोत्यानं गेले. दवाखाना केला, गोळ्या खाल्ल्या. डाक्टर म्हनला, हमाली सोडा."

"मग?"

"मग डाक्टर सोडला."

मी त्यांना सीटवर बसवलं. पायडल खाली नेलं, टाच ठेवायला सांगितलं. टाच काय, सबंध तळवा टेकून वर गुडघा मांडी घातल्यासारखा वाकडा राहत होता. मी म्हटलं, "पोत्याचं नाव घेऊ नका. हे सायकलीचं काम आहे."

त्यांना पटलं नाही, पण पंक्चर निघायला वेळ होता. पाइप गंजून फ्रेममध्ये बसला होता. घासलेट सोडलं, तासभर ठेवला, पिळून पिळून सोडवला, ग्रीस लावलं आणि वर घेत गेलो. चार बोटं आत उरली तेव्हा थांबलो. टाच ठेवली तरी गुडघा थोडा वाकलेलाच होता. पाय लांब, पाइप तोकडा. मी म्हटलं, "ह्याच्यावर जाता येत नाही. लांब पाइप नांदेडहून मागवावा लागंल. तोवर एवढ्यावर बघा."

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. पंक्चर नव्हतं. सोबत चार हमाल होते.

"माझं दुखनं बारा आणे गेलं," त्यांनी दारातूनच सांगितलं. "यांचं बी बघा."

त्या चौघांचं बघितलं. दुसऱ्या दिवशी सहा आले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानासमोर हमालांची रांग लागायची आणि मारोतराव रांगेच्या पुढं उभे राहून एकेकाला शिकवायचे, "टाच ठिव, टाच. चवडा न्हाई. कंबर हालवू नको." चहावाल्याचा धंदा वाढला. कुणीतरी मला सीटचे डॉक्टर म्हणायला लागलं, आणि मी हाक ऐकून मान वर करायला लागलो. चौतीस वर्षांत मला कुणी काहीही म्हटलं नव्हतं. लांब पाइप मागवायचं मनात होतं, पण दुखणं बारा आणे गेलेला माणूस घाई करत नाही, आणि मीही केली नाही.

मग हळदीचा सीझन भरात आला. मोंढ्यात ट्रॅक्टरांना जागा नाही, हमालांना जेवायला वेळ नाही. एके दुपारी मारोतराव आले. मागं नेहमीचे पाच-सहा जण होते.

"उरलेलं चार आणे दुखनं बी काढा," ते म्हणाले. "आनखी बोटभर वर घ्या."

"पाइप संपला. लांबवाला मागवतो. आठ दिवस लागतील."

"ऐन सीझनात आठ दिवस कोन थांबंल? बोटभरच म्हनून राहिलो ना."

मी नाही म्हणालो. मागून एक जण म्हणाला, "काहून, डाक्टरला जमंना व्हय?" बाकीचे हसले. मारोतराव हसले नाहीत. ते माझ्याकडे विश्वासाने बघत होते, आणि खरं सांगायचं तर हसणाऱ्यांपेक्षा मला त्या बघण्यानेच जास्त ढकललं. मी पाना घेतला, नट ढिला केला, पाइप बोटभर वर ओढला आणि आवळला. पिळून बघितलं. अजिबात हललं नाही. न हलणं आणि न मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं.

मारोतरावांनी भिंतीला धरून टाच टेकवली. पाय सरळ झाला.

"आज माणसासारखं बसलो," ते म्हणाले.

मला फार बरं वाटलं. हे लिहायला हवं, कारण नंतर माणूस सांगतो की मनात शंका होती, हात थरथरत होता. माझा हात थरथरला नव्हता.

वीसेक दिवसांनी सकाळी दुकान उघडत होतो, तेव्हा त्यांच्यासोबतच्या एका हमालाने सांगितलं. आदल्या संध्याकाळी घरी जाताना गावाजवळच्या उतारावर खड्ड्यात चाक आदळलं आणि सीट पाइपासकट तुटून मागं गेली. मारोतराव उताणे पडले. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, उजव्या खांद्याचं सांध्यातून निखळलं होतं. नांदेडला नेलं होतं.

दुपारी कुणीतरी टेम्पोत घालून सायकल माझ्या दुकानासमोर आणून टाकली. दुरुस्तीसाठी आणली की मला दाखवायला आणली, ते न सांगता टेम्पो निघून गेला. मी फ्रेममधला तुकडा काढला आणि बोटं लावली. तीन. मोडलेल्या जागी अर्धी कड चकचकीत होती आणि अर्धी गंजलेली. म्हणजे चीर आधीच पडली होती. कित्येक दिवस मारोतराव त्या अर्ध्या कडेवर बसून माझं नाव गावभर घेत होते.

चहाच्या टपरीवर सगळे म्हणाले, रस्ताच तसा आहे. दोन दिवस मीही म्हणालो, रस्ताच तसा आहे. रस्ता खरंच तसा आहे. तिसऱ्या दिवशी ते म्हणायला तोंड उघडलं आणि मला माझाच कंटाळा आला. मारोतराव नांदेडहून घरी परतल्याचं कळल्यावर मी एसटीने त्यांच्या गावी गेलो.

मारोतराव ओसरीवर खाटेला टेकून बसले होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांची बायको सुमनबाई बकऱ्यांना पाला टाकत होती. मी आधी कधी तिला भेटलो नव्हतो. ठेंगणी, बोलायच्या आधी हातातलं काम पूर्ण करणारी बाई.

मी उभ्यानेच सांगितलं, "मारोतराव, चूक रस्त्याची नाही. पाइप जितका आत पाहिजे तितका मी ठेवला नव्हता. मला माहीत होतं."

"जाऊ द्या हो," ते म्हणाले. "मीच म्हनलो व्हतो वर घ्या. तुमी तर न्हाई म्हनत व्हते."

सुमनबाईने पाला खाली ठेवला.

"यांनी म्हनलं," ती म्हणाली. "यांना काय कळतं त्यातलं? हे तर म्हनतील आभाळात न्या. तुमी काहून ऐकलं? धंदा तुमचा हाय ना?"

आवाज चढवला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते पाच-सहा हमालांसमोर हसं होऊ नये म्हणून, असं होतं. ते मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि चहा घेऊन आली. चहा चांगला होता. मला तो प्यायला बराच वेळ लागला.

डॉक्टरांनी तीन महिने काही उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. निघताना मी म्हटलं, "नवा पाइप घालून सायकल उभी करून देतो."

"हे उभे राहिल्यावर बघू," सुमनबाई म्हणाली.

त्या दिवसापासून मी डब्यात लाल ऑइलपेंट ठेवतो. कुठलीही सायकल आली की पाइप काढतो, खालच्या टोकापासून चार बोटं मोजतो आणि तिथं लाल पट्टा ओढतो. कानशीने खूण करत नाही, कारण पाइप मग तिथूनच मोडतो. माझी बोटं जाड आहेत, म्हणून चार जास्तच भरतात. भरू द्या. मोंढ्यातल्या ज्या ज्या हमालांच्या सीटा मी वर केल्या होत्या त्या सगळ्यांना बोलावून पुन्हा तपासल्या. दोघांच्या खाली घेतल्या. एक जण म्हणाला, "डाक्टर आता भिऊन राहिला." मी म्हटलं, व्हय.

महिना झाला असेल. एके सकाळी सुमनबाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. एसटीने आली होती. मोंढ्यात बाया हळद निवडायला बसतात, त्या कामाला तिला बोलावलं होतं. पण सकाळच्या एसटीचा भरवसा नाही आणि उशीर झाला की त्या दिवसाचं काम जातं.

"सायकल शिकले मी," ती म्हणाली. "पोरीच्या शाळेच्या सायकलीवर. खळ्यात. आठ दिवस लागले."

"शिकवलं कुणी?"

"हे खाटेवर बसून सांगत व्हते. टाच न्हाई, चवडा, टाच न्हाई, चवडा. मी दोनदा पडले. हे उठून येऊ शकत नव्हते, म्हनून लवकर शिकले."

पोरीची सायकल पोरीला शाळेला लागते, तेव्हा तिला स्वतःची हवी होती. माझ्याकडे एक जुनी लेडीज सायकल सगळी खोलून साफ केलेली उभी होती. मी ती बाहेर काढली आणि म्हटलं, "ही घेऊन जा. काही द्यायचं नाही."

तिने सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फुकटची नको. फुकटची मोडली तर बोलता येत न्हाई. यांची सायकल तुमच्याकडं पडली हाय, ती ठिवून घ्या, ही द्या. म्हंजे बराबर."

बराबर नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

सायकल भिंतीला टेकवली. ती पदर खोचून बसली. रस्त्यावर माणसं होती. मी म्हटलं, आत घेऊ का सायकल, लोक बघतील.

"बघू द्या. त्यांच्या बी सीटा तपासून घ्या."

टाच टेकवून उंची बघितली. मग सीट त्याहूनही बोटभर खाली घेतली आणि कारण सांगितलं: नव्या माणसाला थांबताना पायाची बोटं जमिनीला लागली पाहिजेत, हात बसला की मग वर घेऊ. तिने मान हलवली. मी पाइप बाहेर काढून तिला सगळा दाखवला. लाल पट्टा दाखवला. आत घातल्यावर पट्टा फ्रेममध्ये कितीतरी खाली गेला, तेही दाखवलं. नट आवळले, सीट दोन्ही हातांनी पिळली. मग तिने पिळली. स्वतःही हळदीचं पोतं लोटू शकेल असे हात होते. सीट हलली नाही.

"झालं," मी म्हटलं. "बसा, एक चक्कर मारून बघा."

"आधी तुमी बसा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ही तुमच्या मापाची आहे, बाई. मला खाली होईल."

"तुमचं वजन माझ्याहून जास्त हाय. तुमाला झेललं तर मला झेलंल. बसा."

मी आजूबाजूला बघितलं. चहावाला हातात गाळणी घेऊन थांबला होता. तीन-चार हमाल होते, त्यात तेव्हा "डाक्टरला जमंना व्हय" म्हणालेलाही होता. मी बासष्ट वर्षांचा माणूस लेडीज सायकलवर बसलो, गुडघे छातीला लागत होते, आणि मोंढ्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. जाताना एक खड्डा चुकवता आला असता. तो मी मुद्दाम घेतला.

सुमनबाईने सायकल हातात घेतली, सीट पुन्हा एकदा पिळून बघितली आणि बसून गेली. वळताना थोडी डगमगली, मग सरळ झाली.

मारोतरावांचा खांदा पहिल्यासारखा झाला नाही. पोतं उचलता येत नाही. आता ते मोंढ्यातच बसून भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवतात. सुतळी-दाभणाचं काम, हाताला सफाई आली आहे. त्यांची सायकल अदलाबदलीत माझ्याकडे राहिली होती, ती मी नांदेडहून लांब पाइप आणून त्यांच्यासाठीच तयार केली आहे. चार बोटं काय, सहा आत आहेत. ते दुकानात येतात, वाकून बसतात, चहा घेतात, सायकलीच्या सीटवर हात ठेवतात आणि म्हणतात, "बघू." मी आग्रह करत नाही. माझ्या सांगण्यावर त्यांनी एकदा विश्वास ठेवला आहे.

सुमनबाई महिन्यातून एकदा सीट तपासायला आणते. तिची सवय आता पक्की झाली आहे, सीट बोटभर वरही घेतली आहे. कधीही काही ढिलं निघालेलं नाही. मी पाइप काढून पट्टा दाखवतो, परत घालतो, आवळतो, पिळतो. ती पिळते. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि मी सायकलवर बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. चहावाला आता गाळणी खाली ठेवून बघतो. पुरे आता, असं तिने अजून म्हटलेलं नाही. मीही कधी विचारलेलं नाही.